आर्क्टिकमधले शिकारी आणि सावज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी शाळांमध्ये आणि निसर्ग मंडळांमध्ये आर्क्टिकच्या प्राण्यांवर स्लाइड शो करतो. कार्यक्रम संपला की पुढचे दोन-तीन आठवडे व्हॉट्सअ‍ॅपवर प्रश्न येत राहतात, मुलांचे, पालकांचे, शिक्षकांचेही, आणि त्यातले बरेचसे तेच तेच असतात. म्हणून एकदाच नीट बसून सगळी उत्तरं लिहून काढली. एक गोष्ट आधीच सांगतो, खाली जवळपास प्रत्येक उत्तरात चरबी हा शब्द येईल. तिकडे जगणं-मरणं दात-नखांपेक्षा चरबीच्या हिशोबावर जास्त ठरतं, शिकाऱ्याचंही आणि सावजाचंही.

१. आर्क्टिक म्हणजे नक्की कुठे? तिथे पेंग्विन असतात ना?

नाही, पेंग्विन नसतात. आर्क्टिक म्हणजे उत्तर ध्रुवाभोवतीचा भाग, मधे गोठलेला समुद्र आणि त्याच्या कडेने जमीन: कॅनडा, ग्रीनलँड, अलास्का, रशिया, नॉर्वेचं स्वालबार्ड वगैरे. अंटार्क्टिका बरोबर उलटी, मधे जमीन आणि भोवती समुद्र. हा फरक नुसता भूगोलाच्या पेपरापुरता नाहीये. उत्तरेकडे जमीन जोडलेली असल्यामुळे लांडगा, कोल्हा, अस्वल सगळे चालत वर पोचले, दक्षिणेला एकही पोचला नाही. म्हणून पेंग्विन उघड्यावर जमिनीवर निवांत अंडी घालतात, आणि आर्क्टिकमधले पक्षी मात्र उभ्या कड्यांवर, बेटांवर, कोल्हा पोचणार नाही अशा जागा शोधत बसतात.

२. तिथे नुसता बर्फच आहे, मग खायला येतं कुठून?

समुद्रावर जो बर्फ असतो त्याच्या खालच्या अंगाला शेवाळ धरतं. वसंतात सूर्य आला की ते झपाट्याने वाढतं, ते खातात कोळंबीच्या जातीचे बारीक जीव, त्यांना खातो आर्क्टिक कॉड नावाचा छोटा मासा, त्याला खातो रिंग्ड सील, आणि सीलला खातं ध्रुवीय अस्वल. उरलंसुरलं कोल्ह्याला आणि गल पक्ष्यांना. म्हणजे बर्फ हीच तिथली शेतजमीन समजा, फक्त पीक खालच्या बाजूला येतं.

जमिनीवर वेगळी साखळी आहे. गवत, शेवाळ, खुरटी विलो खाणारे लेमिंग (उंदरासारखा छोटा प्राणी), ससे, रेनडिअर आणि मस्कऑक्स (लांब केसांचा, बैलासारखा प्राणी), आणि त्यांच्यावर जगणारे कोल्हा, हिमघुबड, स्टोट (मुंगसासारखा लांबुळका छोटा शिकारी) आणि लांडगा.

३. उणे ३०-४० मध्ये हे प्राणी गोठून मरत कसे नाहीत?

प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. आर्क्टिक कोल्हा जेमतेम ३ ते ५ किलोचा, पण हिवाळ्यातली त्याची फर इतकी दाट असते की उणे ४० पर्यंत त्याला कुडकुडीसुद्धा भरत नाही. तळपायालाही केस असतात. पायाकडे जाणारं गरम रक्त वाटेतच परतणाऱ्या गार रक्ताला ऊब देऊन जातं, त्यामुळे पाऊल गार राहतं पण गोठत नाही आणि शरीराची उष्णता बाहेर वाया जात नाही. सीलचं काम चामडीखालच्या चरबीच्या जाड थरावर चालतं.

लेमिंग तर मूठभर जीव, तो अंगावर किती फर वागवणार! तो बर्फाच्या खालीच राहायला जातो. वर वादळ घोंघावत असलं तरी जाड बर्फाच्या तळाशी जमिनीलगत बरंच उबदार असतं, तिथे तो बोगदे खणतो, गवताची घरटी करतो आणि भर हिवाळ्यात पिल्लंही घालतो. पांघरूण जाड हवं एवढीच अट. बर्फाचं पांघरूण बिघडलं की रेनडिअरचं काय होतं ते प्रश्न १३ मध्ये येईल.

४. ध्रुवीय अस्वल सील पकडतं कसं? पाण्यात पोहून पाठलाग करतं का?

नाही, उघड्या पाण्यात सील अस्वलाच्या हाती सहसा लागत नाही. म्हणून तर त्याला बर्फ लागतो.

सीलला श्वास घ्यायला वर यावंच लागतं. रिंग्ड सील पुढच्या पायांच्या नखांनी बर्फ खरवडून भोक उघडं ठेवतो, दोन मीटर जाड बर्फातसुद्धा. आर्क्टिकमधले मूळ रहिवासी इनुइट लोक त्याला अग्लू म्हणतात. अस्वल वासाने ते भोक शोधतं, वारा समोरून येईल असं बघून शेजारी बसतं किंवा पोटावर पडून राहतं, आणि मग वाट बघतं. तासभर, कधी कित्येक तास. पाय हलवायचा नाही, कारण बर्फावर पाऊल वाजलं की आवाज थेट खाली पाण्यात जातो. मग कधीतरी भोकातलं पाणी किंचित वर येतं, फुस्स असा श्वासाचा आवाज होतो, आणि त्या सेकंदाला पुढचा पंजा किंवा दात. चुकलं तर सगळी बैठक फुकट, आणि बहुतेक वेळा चुकतंच.

मार्च-एप्रिलमध्ये पद्धत बदलते. तेव्हा सीलची मादी बर्फाखाली केलेल्या गुहेत पिल्लू घालते. अस्वल वासावरून जागा हेरतं, मागच्या पायांवर उभं राहतं आणि पुढच्या दोन्ही पंजांवर सगळं वजन टाकून छत फोडतं. दूध सुटायच्या सुमाराला त्या पिल्लाच्या वजनात जवळपास निम्मी चरबी असते, त्यामुळे अस्वलाची वर्षाची बहुतेक कमाई या थोड्या आठवड्यांत होते.

खूप जण विचारतात की अस्वल शिकारीच्या वेळी काळं नाक पंजाने झाकतं हे खरं का. गोष्ट छान आहे, पण दुर्बिणीतून शेकडो तास अस्वलं बघत बसणाऱ्या संशोधकांना ते कधी दिसलेलं नाही.

५. मग बिचाऱ्या सीलला काहीच उपाय नाही का?

आहेत की, आणि मला तर सीलची हुशारी जास्त भावते. तो एका भोकावर कधीच अवलंबून राहत नाही, वेगवेगळ्या ठिकाणी बरीच भोकं राखून असतो. पिल्लासाठीची गुहा वरून बघितली तर दिसतच नाही, नुसता सपाट बर्फ, आत यायचं दार खालून पाण्यातून. छत फुटायला लागलं की आई पिल्लाला घेऊन पाण्यात किंवा दुसऱ्या गुहेकडे पळते.

उन्हाळ्याच्या तोंडाला सील बर्फावर ऊन खात पडतात तेव्हा नीट बघा, सलग झोपतच नाहीत. जरा डोळा लागतो, मान वर, चौफेर नजर, परत डुलकी. अस्वलही तेवढं ओळखून असतं, मान खाली गेली की सरकतं आणि मान वर आली की दगडासारखं थांबतं. आणि सील भोकाच्या अगदी काठावर झोपतो, घसरला की थेट पाण्यात, मग अस्वलाचा हातातोंडाशी आलेला घास गेला.

६. ध्रुवीय अस्वल हिवाळाभर झोपून काढतं ना?

हा गैरसमज इतर अस्वलांमुळे झालाय. ध्रुवीय अस्वलांसाठी गोठलेला समुद्र म्हणजे शिकारीचा हंगाम, झोपून कसं चालेल? फक्त गाभण मादी बर्फात बीळ करून आत जाते. तिथे हिवाळ्याच्या मध्यावर पिल्लं होतात, बहुतेक वेळा दोन, जन्मताना जेमतेम ६०० ग्रॅमची. आईच्या दुधात ३० टक्क्यांच्या आसपास चरबी असते, वसंतात बाहेर पडेपर्यंत पिल्लं १० किलोच्या घरात जातात, आणि या सगळ्या काळात आईच्या पोटात अन्नाचा कण नाही. कॅनडातल्या हडसन बेच्या माद्या तर आठ-आठ महिने उपाशी काढतात. मागच्या वसंतात सील कमी मिळाले असतील तर हे जमतच नाही.

७. ते पाणी काय पितात? समुद्राचं खारट?

नाही. चरबी शरीरात जळताना पाणी तयार होतं, अस्वलाचं त्यावर भागतं. पोटभर सील मिळाला की अस्वल आधी कातडी आणि चरबी खातं, मांस बऱ्याचदा तसंच सोडून देतं, त्याचं एक कारण हेही आहे की मांस पचवायला उलट पाणी खर्च होतं. सोडलेल्या मांसावर मागून येणारे कोल्हे जगतात.

८. लेमिंग कड्यावरून उड्या मारून आत्महत्या करतात हे खरं आहे का?

नाही, अजिबात नाही, आणि हा प्रश्न दर कार्यक्रमाला येतो. १९५८ सालच्या एका अमेरिकन माहितीपटात ते दृश्य होतं, ते ठरवून, लेमिंग आणवून चित्रित केलेलं होतं हे नंतर उघड झालं. खरं काय आहे तर लेमिंगची संख्या दर तीन ते पाच वर्षांनी प्रचंड वाढते आणि मग कोसळते. वाढली की खायला आणि राहायला जागा पुरत नाही, मग झुंडी निघतात, वाटेत नद्या-तळी लागतात, त्यात काही बुडतात. मरायचं ठरवून कोणीच निघत नाही.

त्यांची संख्या कोसळते कशामुळे? हा प्रश्न जुना आहे. ग्रीनलँडच्या पूर्वेला ट्रेल बेटावर १९८८ पासून मोजणी सुरू झाली, तिथे लेमिंग खाणारे फक्त चारच: कोल्हा, हिमघुबड, लांबशेपटी स्कुआ पक्षी आणि स्टोट. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासातून दिसलं की पहिले तिघं लेमिंग वाढले की गोळा होऊन वाढ रोखतात, पण संख्या पार तळाला नेतो तो स्टोट. तो फक्त लेमिंगवर जगतो, बोगद्यात घुसू शकतो, आणि त्याची संख्या वर्षभर उशिराने वाढते. म्हणजे लेमिंग कमी व्हायला लागतात तेव्हाच स्टोट भरपूर झालेले असतात.

९. लेमिंग नसलेल्या वर्षी घुबड आणि कोल्हे काय करतात?

हिमघुबड सरळ अंडीच घालत नाही. चांगल्या वर्षी एका घरट्यात ७-८, कधी ११ पर्यंत अंडी, वाईट वर्षी शून्य, आणि जोडपं शेकडो किलोमीटर दुसरीकडे निघून जातं. कॅनडातल्या काही घुबडांच्या पाठीवर ट्रान्समीटर लावले तेव्हा कळलं की हिवाळ्यात ती गोठलेल्या समुद्रावर जाऊन राहतात आणि बर्फातल्या उघड्या पाण्यापाशी समुद्री बदकं मारतात. जमिनीवरचा उंदीर खाणारा पक्षी समुद्रावर मुक्काम ठोकतो, हे मला अजूनही विलक्षण वाटतं.

कोल्हा वळतो अंड्यांकडे, आणि त्याचा हिशोब पार युरोपात लागतो. रशियाच्या तैमिर भागात ब्रेंट हंस घरटी करतात. लेमिंग भरपूर असले की कोल्ह्यांचं पोट भरलेलं, हंसांची पिल्लं वाचतात. लेमिंग कोसळले की कोल्हे घरटी साफ करतात, आणि त्या हिवाळ्यात हॉलंड-इंग्लंडच्या किनाऱ्यावर आलेल्या थव्यांत पिल्लं जवळपास दिसतच नाहीत. हंसांनीही यावर एक उपाय काढलाय, ते हिमघुबडाच्या घरट्याच्या जवळ घरटं करतात. घुबड स्वतःच्या अंड्यांसाठी कोल्ह्याला झोडपून काढतं, हंसांना फुकटचा पहारेकरी मिळतो. पण घुबड तरी लेमिंगच्या वर्षीच घरटं करणार, त्यामुळे ज्या वर्षी गरज सगळ्यात जास्त त्याच वर्षी पहारेकरी गैरहजर.

१०. पांढऱ्या रंगाचा फायदा शिकाऱ्याला की सावजाला?

दोघांनाही, आणि बर्फ उशिरा पडला तर दोघांनाही तोटा, उघड्या तपकिरी जमिनीवर पांढरा ससा लांबूनही दिसतो. कॅनडाच्या एकदम उत्तरेच्या एल्समेअर बेटावर ससे वर्षभर पांढरेच राहतात.

यातले दोन बारकावे मला फार आवडतात. स्टोट हिवाळ्यात पांढरा होतो पण शेपटीचं टोक काळं राहतं. ससाणा झेप घेताना त्या काळ्या ठिपक्यावर नजर लावतो आणि नेम चुकतो, हे नकली स्टोट वापरून केलेल्या प्रयोगात दिसलंय. दुसरा टारमिगन, कोंबडीएवढा पक्षी. बर्फ वितळतो तेव्हा मादी लगेच तपकिरी होते, नर मात्र मादी मिळेपर्यंत पांढराशुभ्र राहतो, लांबून चमकतो, ससाण्यालाही दिसतो. आणि जोडी जमून अंडी झाली की तो चिखलात लोळून पिसं मुद्दाम मळवतो! नवीन पिसं येईपर्यंत चिखलाचं कातडं पांघरून फिरतो.

११. हिवाळ्यात तीन-चार महिने अंधार असतो, मग एकमेकांना दिसतं कसं?

स्वालबार्डच्या लाँगयेरब्येनमध्ये ऑक्टोबरच्या शेवटापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवत नाही. अस्वल आणि कोल्हा मुख्यतः वासावर आणि कानावर चालतात, कोल्हा बर्फाखालच्या लेमिंगची खसखस ऐकून वर उडी घेतो आणि तोंडावर आपटत आत घुसतो. सगळ्यात भारी सोय रेनडिअरची. त्याच्या डोळ्याच्या मागचा चकाकता पडदा उन्हाळ्यात सोनेरी असतो आणि हिवाळ्यात निळा होतो, प्रतिमा थोडी धूसर पण मंद उजेडातही दिसतं. शिवाय त्याला अतिनील किरणं दिसतात. बर्फ ती किरणं परावर्तित करतो, लांडग्याची फर मात्र शोषून घेते, त्यामुळे आपल्याला बर्फात विरलेला वाटणारा पांढरा लांडगा रेनडिअरला काळपट उठून दिसतो.

१२. मस्कऑक्स गोल करून उभे राहतात तो प्रकार काय आहे?

लांडगे आले की कळप पाठीला पाठ लावून उभा राहतो, शिंगं बाहेर, पिल्लं आत. लांडग्यांचा सगळा डाव कळप पळवण्यावर असतो, पळता पळता एखादं पिल्लू मागे राहिलं की झालं. म्हणून लांडगे तासन्‌तास घिरट्या घालतात, हूल देतात, आणि एकाने धीर सोडला की रिंगण फुटतं. लांडग्यांपुढे हजारो वर्षं चाललेला हा उपाय बंदुकीपुढे उलटला, कारण कळप पळतच नव्हता, एका जागी उभा राहून गोळ्या खात होता. एकोणिसाव्या शतकात अलास्कातून ते संपले. नंतर १९३० मध्ये ग्रीनलँडमधून ३४ मस्कऑक्स आणले, तिथून परत सुरुवात झाली. हे वाचलं की दरवेळी पोटात तुटतं.

१३. स्वालबार्डवर लेमिंग नाहीत असं तुम्ही कार्यक्रमात म्हणालात, मग तिथला कोल्हा कशावर जगतो?

उन्हाळ्यात कड्यांवरचे पक्षी, अंडी, हंसांची पिल्लं. त्यातलं बरंच तो पुरून ठेवतो. हिवाळ्यात अस्वलाने टाकलेले सील आणि मेलेले रेनडिअर.

इथे पाऊस आडवा येतो. हल्ली तिथे भर हिवाळ्यात पाऊस पडतो, तो बर्फावर गोठून काचेसारखा थर होतो, खालचं गवत-शेवाळ बंदिस्त. रेनडिअर खूर आपटून दमतात आणि उपाशी मरतात. २०१९ च्या उन्हाळ्यात मोजणीच्या वेळी २०० हून जास्त रेनडिअर मेलेले सापडले. अशा वर्षी कोल्ह्यांची चंगळ, पिल्लं भरपूर. पण पुढच्या वर्षी दुबळे रेनडिअर आधीच मेलेले, उरलेले धडधाकट, म्हणजे मढी नाहीत, आणि मग कोल्ह्यांची उपासमार.

कोल्ह्याच्या चिकाटीचं एक उदाहरण देतोच. एका तरुण मादीला सॅटेलाइट कॉलर लावली होती. ती २६ मार्च २०१८ ला स्वालबार्डचा किनारा सोडून समुद्रावरच्या बर्फावर निघाली, २१ दिवसांत ग्रीनलँडला, आणि एकूण ७६ दिवसांत ३,५०६ किलोमीटर चालून कॅनडाच्या एल्समेअर बेटावर पोचली. ग्रीनलँडच्या हिमचादरीवर एका दिवसात १५५ किलोमीटर. हा पूल बर्फाचा होता म्हणून जमलं.

१४. बर्फ वितळला तर अस्वलं जमिनीवर दुसरं काही खाऊन जगतील ना?

यावर लोक माझ्याशी वाद घालतात, कारण फोटो दिसतात, अस्वल बोरं खातंय, अंडी खातंय. खातं ते खरंच. स्वालबार्डवर अस्वलं आता हंस आणि आयडर बदकांची घरटीच्या घरटी रिकामी करतात. ऑगस्ट २०२० मध्ये हॉर्नसुंडला एका मादीने रेनडिअरला समुद्रात हाकलून बुडवून मारल्याचं चित्रीकरणही आहे.

पण खाणं आणि भागणं यात फरक आहे. हडसन बेच्या पश्चिमेला २० अस्वलांना कॅमेऱ्याच्या कॉलर लावून उन्हाळ्यात जमिनीवर काय करतात ते बघितलं, अभ्यास २०२४ मध्ये आला. काही नुसती पडून राहिली, काही बोरं खात हिंडली, काही लांब पोहली. २० पैकी १९ चं वजन घटलं, सरासरी दिवसाला किलोभर. हिंडून मिळवलं तेवढं हिंडण्यातच गेलं. त्या भागातली अस्वलं १९८० च्या दशकात १,२०० च्या आसपास होती, २०२१ च्या मोजणीत ६१८.

अपवादही सांगतो, कारण तो खरा आहे. ग्रीनलँडच्या आग्नेयेला काही शे अस्वलं समुद्राचा बर्फ नसलेल्या काळात हिमनद्यांमधून तुटून फ्योर्डमध्ये (जमिनीत खोल शिरलेल्या समुद्राच्या अरुंद खाडीत) साचलेल्या बर्फावरून शिकार करतात, हे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालं. पण अशा जागा आर्क्टिकमध्ये फार थोड्या आहेत, सगळ्यांची सोय तिथे होणार नाही.

१५. फोटो काढणारे लोक सीलच्या पिल्लाला वाचवत का नाहीत?

हा प्रश्न मुलं विचारतात, कधी रडवेल्या आवाजात, आणि मी तो कधीच उडवून लावत नाही. मी त्यांना प्रश्न ६ मधली आई दाखवतो. ती बिळातून बाहेर पडते तेव्हा कित्येक महिन्यांची उपाशी असते, मागे दोन पिल्लं, दूध आटत आलेलं. तिच्यासमोरचं सीलचं पिल्लू वाचवलं तर तिच्या दोघांचं काय? मी मुलांना दोन्ही पिल्लांचे फोटो शेजारी शेजारी ठेवून बघायला लावतो. वाईट वाटलं तर वाटू द्यावं, दोघांसाठीही.

१६. आपला भारताचा यात काही संबंध आहे का, आणि मला तिकडे जाऊन अस्वल बघता येईल का?

संबंध आहे. स्वालबार्डच्या न्यू-ऑलेसुंडमध्ये २००८ पासून भारताचं हिमाद्री केंद्र आहे, आणि ते चालवणारी राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र ही संस्था आपल्या गोव्यात, वास्कोला आहे. २०१४ मध्ये तिथल्या कोंग्सफ्योर्डच्या पाण्यात इंडआर्क नावाची यंत्रणाही सोडली, समुद्राचं तापमान वगैरे मोजायला. डिसेंबर २०२३ पासून हिवाळ्यातल्या अंधारातही आपले संशोधक तिथे राहायला लागलेत. विज्ञान शिकणाऱ्या मुलांनो, हा रस्ता खुला आहे.

पर्यटक म्हणून जायचं तर बोटीने जाता येतं, पण अस्वल जवळून दिसेल अशी आशा धरू नका आणि तसं आश्वासन देणाऱ्याबरोबर जाऊ नका. १ जानेवारी २०२५ पासून स्वालबार्डवर ध्रुवीय अस्वलापासून किमान ३०० मीटर लांब राहावं लागतं, आणि १ मार्च ते ३० जून हे अंतर ५०० मीटर आहे. हेच ते महिने जेव्हा आई पिल्लांना घेऊन बर्फावर सीलच्या गुहा शोधत असते. चांगली दुर्बीण न्या.